रात्र रुग्णाची : अतिदक्षता विभागातली काही टिपणं

अमेरिकेतल्या चार अतिदक्षता विभागांमधल्या ५० रुग्णांचे कागद तपासून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संध्याकाळी सात ते सकाळी सात अशा १४७ रात्रींचा तो हिशोब आहे. एका रात्रीत रुग्णापाशी सरासरी ४२.६ वेळा कुणी ना कुणी काही कामासाठी गेलं होतं. बीपी, औषध, सक्शन, कूस बदलणं, रक्त घेणं. दोन-तीन तास सलग कुणीच आलं नाही, असे प्रसंग सगळ्या रात्री मिळून फक्त नऊ. रोजच्या स्पंजिंगपैकी ६२ टक्के स्पंजिंग रात्री नऊ ते पहाटे सहाच्या दरम्यान उरकलेलं. आणि रुग्णाला झोप लागावी म्हणून मुद्दाम काही केल्याची नोंद एकाच रात्रीची.

आमच्या आयसीयूत नव्याने येणाऱ्या प्रत्येक सिस्टरला आणि ब्रदरला मी हे आकडे सांगते. आपली रात्र यापेक्षा वेगळी आहे का, हे ज्याने-त्याने आपल्या बेडपाशी उभं राहून मोजावं.

*

निरोगी माणसाची झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. आधी वरवरची, मग गाढ, मग स्वप्नांची, आणि पुन्हा पहिल्यापासून. फेरी मध्येच मोडली की माणूस पुन्हा वरवरच्या झोपेपासून सुरुवात करतो. २००१ च्या एका अभ्यासात आयसीयूतल्या २२ रुग्णांच्या मेंदूच्या लहरी सलग नोंदवल्या होत्या. चोवीस तासांतली झोप सरासरी ८.८ तास भरली. मात्र ती ४१ तुकड्यांत विखुरलेली होती, एक तुकडा सरासरी १५ मिनिटांचा, आणि निम्म्याच्या आसपास झोप दिवसा झालेली.

म्हणून ‘रात्रभर डोळे मिटून होते’ एवढ्यावर समाधान मानू नये.

*

गुंगीचं औषध दिलं की रुग्ण शांत दिसतो. काचेतून बघणारी मुलगी म्हणते, “छान झोपलेत.” लोराझेपाम, मिडाझोलामसारखी औषधं डोळे मिटवतात, पण गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही कमी करतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये लोराझेपामचा आणि त्यानंतर येणाऱ्या भ्रमाचा, म्हणजे डिलिरियमचा संबंध २००६ च्या अभ्यासात स्पष्ट दिसला. व्हेंटिलेटर सोसावा म्हणून, फिट थांबावी म्हणून गुंगी द्यावी लागते, तिथे प्रश्न नाही. प्रश्न आहे तो केवळ रात्र पार पडावी म्हणून लिहिलेल्या गोळीचा. त्या गोळीच्या आधी करण्यासारखं बरंच असतं आणि त्यातलं बहुतेक आपल्या हातात असतं.

*

डिलिरियमला घरची माणसं ‘वात झाला’ म्हणतात. काल नीट बोलणारे बाबा आज नळी ओढतात, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, बायकोला ओळखत नाहीत. हा प्रकार लगेच लक्षात येतो. दुसरा प्रकार गप्प असतो. रुग्ण पडून राहतो, प्रश्नाचं उत्तर उशिरा देतो, नजर हरवलेली असते. त्याला आपण ‘शांत पेशंट’ म्हणतो आणि पुढच्या बेडकडे जातो. झोप मोडण्याचा आणि डिलिरियमचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. झोप गेली की भ्रम वाढतो, भ्रम आला की दिवस-रात्र उलटी होते. म्हणून झोपेकडे आरामाची बाब म्हणून पाहणं मी सोडून दिलं आहे. ती उपचाराच्या यादीत हवी, अँटिबायोटिकच्या शेजारी.

*

आवाजाचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितलं की रुग्णाच्या खोलीत रात्री सरासरी ३० डेसिबल आणि एखादा आवाज फार तर ४० डेसिबलपर्यंत असावा. २०१३ मध्ये इंग्लंडच्या थेम्स खोऱ्यातल्या पाच आयसीयूंमध्ये मोजणी झाली. सरासरी कुठेही ४५ च्या खाली गेली नाही, निम्मा वेळ ती त्या-त्या युनिटप्रमाणे ५२ ते ५९ च्याही वर होती, आणि रात्री ८५ डेसिबलच्या वर जाणारे आवाज तासाला १६ पर्यंत नोंदले गेले. डेसिबलमध्ये दहाची वाढ झाली की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

*

रात्री दोन वाजता बेडच्या उशाशी डोकं टेकवून पाच मिनिटं ऐकलं की कळतं. स्टीलची किडनी ट्रे ट्रॉलीवर ठेवल्याचा खणखणाट. पायाने उघडायच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण. चिकटपट्टी फाडल्याचा आवाज. नर्सिंग स्टेशनवरचा फोन. करकरणारं एक चाक. दोन बेड पलीकडे कुणी मोठ्याने विचारलेलं, “सातचं युरिन किती?” यातला एकही आवाज यंत्राचा नाही आणि एकही थांबवायला डॉक्टरांची परवानगी लागत नाही. डब्याच्या झाकणाला आतून रबराची पट्टी, ट्रॉलीच्या चाकाला तेल, ट्रेखाली कापड, फोनची घंटी बारीक, आणि रात्री दहानंतर बोलायचं ते बेडजवळ जाऊन, खालच्या आवाजात.

*

अलार्म. बंद करायचा नसतो, नीट लावायचा असतो. ज्याची नाडी कायमच पन्नासच्या आसपास असते, त्याच्या मॉनिटरची खालची मर्यादा साठवर ठेवली तर तो रात्रभर ओरडणार, आणि खरा धोका आला तेव्हा कुणाचे कान टवकारणार नाहीत. पाळी घेताना प्रत्येक रुग्णाच्या मर्यादा त्याच्या प्रकृतीप्रमाणे डॉक्टरांना विचारून लावाव्यात. छातीवरचे इलेक्ट्रोड रोज बदलावेत, त्वचा पुसून कोरडी करून. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एवढ्यानेच खोटे अलार्म बरेच कमी झाल्याचं २०१२ मध्ये दिसलं. बोटावरची ऑक्सिजनची क्लिप गार पडलेल्या बोटावरून ऊबदार बोटावर घ्यावी. सिरिंज पंप संपायच्या आधीच पुढची सिरिंज भरून ठेवावी. सक्शनला हात घालण्यापूर्वी व्हेंटिलेटरचा अलार्म दोन मिनिटांसाठी थांबवावा, आणि त्या दोन मिनिटांत तिथून हलू नये.

*

एक शेतकरी आजोबा होते. न्यूमोनिया उतरणीला लागला होता, ऑक्सिजन कमी करत आणला होता, तरी डोळ्याला डोळा लागत नव्हता. मुलगा गोळीसाठी मागे लागलेला. रात्री स्टूल घेऊन त्यांच्यापाशी बसले आणि विचारलं, “आजोबा, झोप का येत नाही?”

“पोरी, ते यंत्र वरडलं की वाटतं, आता माझं संपलं.”

ओरडत होता तो शेजारच्या बेडचा पंप. त्यांना मॉनिटर दाखवला. ही हिरवी रेघ तुमच्या हृदयाची, हा निळा आकडा ऑक्सिजनचा, तो आवाज पलीकडच्यांच्या औषधाचा. हे सगळं आम्हाला तिकडे टेबलावरही दिसतं. तुम्ही राखण करायची नाही, राखणीला आम्ही आहोत.

त्यांनी थोडा विचार केला. “म्हंजी मी झोपलो तरी चालंल?”

तेव्हापासून शुद्धीवर असलेल्या प्रत्येक रुग्णाला पहिल्याच संध्याकाळी उशाशी वाजणाऱ्या आवाजांची ओळख करून द्यायची, हा आमच्याकडचा नियम आहे. आवाज तेवढाच राहतो, पण त्यातली भीती जाते.

*

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या १८५९ च्या पुस्तकात आवाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाच्या खोलीतच चाललेली कुजबूज त्याला उघड बोलण्यापेक्षा जास्त छळते, कारण तो ती ऐकण्यासाठी कान ताणतो, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं. पहिल्या झोपेतून उठवलेल्या रुग्णाला पुन्हा झोप लागणं कठीण, हेही. मॉनिटर नव्हते, व्हेंटिलेटर नव्हता, तरी निरीक्षण आजही जसंच्या तसं लागू पडतं. बेडच्या पायाशी उभं राहून रुग्णाबद्दल हळू आवाजात चर्चा करू नये. बोलायचं तर त्याच्याशी, नाहीतर बाहेर.

*

उजेडाबद्दल आपला गोंधळ दुहेरी आहे. रात्री उजेड फार, दिवसा उजेड कमी. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं काम चित्र दाखवणं नसून मेंदूतल्या घड्याळाला दिवस-रात्र कळवणं असतं. निळसर पांढऱ्या प्रकाशाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. रात्री डोक्यावरची ट्यूबलाइट लागली की मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबतं. दिवसा पडदे ओढून तीच ट्यूबलाइट लावली तर घड्याळाला सकाळ झाल्याचं कळतच नाही.

म्हणून सकाळी सातला पडदे उघडायचे, खिडकीकडे तोंड येईल असं डोकं उचलून बसवायचं, जमेल त्याला खुर्चीत. रात्री दहाला मोठे दिवे बंद. काम करायचं तर ज्याचं काम आहे त्याच्याच बेडचा दिवा, आणि बाहुल्या तपासायच्या नसतील तेव्हा बॅटरीचा झोत जमिनीकडे.

नुसत्या उजेडाने सगळं साधत नाही, हेही सांगायला हवं. नेदरलँड्समध्ये दिवसा तेजस्वी दिव्यांचा मोठा प्रयोग झाला. ७३४ रुग्ण होते, निष्कर्ष २०१६ मध्ये आला. डिलिरियम कमी झाला नाही.

*

कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी. सगळ्यात स्वस्त उपाय. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या २०१२ च्या अभ्यासात १३६ रुग्णांपैकी ज्यांना रात्री इअरप्लग दिले त्यांच्यात भ्रमाचं प्रमाण कमी दिसलं, विशेषतः पहिल्या ४८ तासांत.

लावायची पद्धत महत्त्वाची. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. अर्धवट घातलेला बोळा काही अडवत नाही. आधी विचारायचं, “आवाज कमी करू का?” नको म्हणणाऱ्याला लावायचा नाही. आधीच भ्रमात असलेल्याला, किंवा स्वतःच्या हाताने काढता न येणाऱ्याला लावताना दहादा विचार करायचा. ऐकू न येण्याने तो अधिक बावरू शकतो. सकाळी आठवणीने काढायचा. ज्याचे डोळे गुंगीत पूर्ण मिटत नाहीत, त्याला पट्टीआधी डोळ्यांची काळजी लागते: जेल, आणि पापण्या नीट मिटवणं.

*

पट्टी पाहून खेड्यातली बरीच माणसं बिचकतात. डोळे बांधणं अंगावर येतं. पण आपल्याकडे अंगणात, गच्चीवर झोपणारी कितीतरी माणसं तोंडावरून पंचा किंवा पदर घेऊनच झोपतात. एका आजींना पट्टी नको होती. स्वच्छ मऊ सुती कापडाची घडी कपाळावरून डोळ्यांवर ठेवली, नाकावरची ऑक्सिजनची नळी मोकळी सोडली, आणि त्या कुशीवर वळल्या. घरची सवय विचारली की निम्मं काम होतं.

*

कामं एकत्र करणं, हे या सगळ्याचं मर्म. अकराला औषध, साडेअकराला बीपी, बाराला कूस, साडेबाराला तोंड पुसणं, एकला शुगर. यातली चार कामं एकाच फेरीत होतात. स्थिर असलेल्या रुग्णासाठी बारा ते चार ही वेळ शक्य तितकी मोकळी ठेवता येते. कूस बदलणं टाळायचं नाही, नाहीतर पाठीला जखमा होतील. पण बाकीची कामं त्या वेळेला जोडून घ्यायची.

पहाटे पाचचं रक्त आणि स्पंजिंग कशासाठी असतं, हे प्रत्येक युनिटने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं. बहुतेक ठिकाणी उत्तर असं येतं की सकाळच्या राउंडला रिपोर्ट हवेत आणि सकाळच्या पाळीला रुग्ण तयार हवा. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. पण राउंड अर्धा-पाऊण तास पुढे घेता येतो, स्पंजिंग संध्याकाळच्या पाळीत बसतं, आणि झोपण्याआधी कोमट पाण्याने अंग पुसलेला रुग्ण लवकर निवांत होतो. हे सिस्टर एकटी ठरवू शकत नाही. डॉक्टरांनी ऑर्डरमध्ये लिहायला हवं: ‘रात्री १२ ते ४ अत्यावश्यक असेल तरच उठवणे.’

*

आवाज आणि सेवा यांनी मोडणारी झोप हा हिशोबाचा एकच भाग आहे. २००३ च्या एका अभ्यासात रुग्ण ज्या-ज्या वेळी जागे झाले, त्यातल्या ३० टक्क्यांहून कमी वेळा कारण या दोहोंत सापडलं. बाकीचं शोधायचं तर रुग्णाच्या अंगाकडे बघावं लागतं. दुखतंय का? टाक्यांवर खोकला आला की उशी पोटाशी धरायला दिली का? ओठ कोरडे पडलेत का? लघवीची नळी मांडीखाली दबून मूत्राशय फुगलंय का? पाय गार आहेत का? नाकातली नळी चिकटपट्टीने ओढली जातेय का?

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात यंत्र आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर झोप लागणारच नाही. प्रेशर सपोर्ट गरजेपेक्षा जास्त असला तर झोपेत श्वास थांबतो आणि रुग्ण दचकून जागा होतो. २००२ मध्ये हे दाखवलं गेलं. रात्रीपुरता असिस्ट-कंट्रोल मोड ठेवावा, अशी सूचना अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत आहे. ही बाब डॉक्टरांनी बघायची, पण दचकणं पहिल्यांदा सिस्टरलाच दिसतं. दिसलं की सांगावं.

*

त्याच मार्गदर्शिकेने आवाज आणि उजेड कमी करा, एकेकटा उपाय करण्यापेक्षा सगळे उपाय मिळून पद्धत बसवा, असं सुचवलं. रात्रीचं संगीत, सुगंधी तेलं, अॅक्युप्रेशर यांची मात्र शिफारस केली नाही. म्हणून त्यांत पैसा आणि वेळ घालू नये. एखाद्या आजींना झोपण्याआधी हरिपाठ ऐकायची आयुष्यभराची सवय असेल तर तो हेडफोनवर हळू आवाजात लावणं वेगळं. ती त्यांची सवय आहे, आपला प्रयोग नव्हे.

*

पुरावा किती पक्का? सरळ सांगायचं तर मध्यम ते कच्चा. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये ३० चाचण्या, १५६९ रुग्ण एकत्र तपासले आणि पुराव्याचा दर्जा कमी असल्याचं म्हटलं; इअरप्लग आणि पट्टीचा काहीसा उपयोग दिसला. इंग्लंडमध्ये प्रेस्टनच्या रुग्णालयात सगळे उपाय एकत्र लागू केल्यावर डिलिरियम ३३ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला. २०१४ चा हा अभ्यास आधी-नंतरची तुलना आहे, हे लक्षात ठेवावं. तरीही माझं मत ठाम आहे. दिवा मालवण्याला, हळू बोलण्याला दुष्परिणाम नाहीत. अशा उपायासाठी पुरावा परिपूर्ण होण्याची वाट बघायची गरज नाही.

*

नातेवाइकांसाठी. रात्री दहाला दोन मिनिटं आत सोडलं की पहिलं वाक्य असतं, “बाबा, डोळे उघडा, बघा कोण आलंय.” नुकता डोळा लागलेला असतो. तुमची कासाविशी कळते. बाहेरच्या लोखंडी बाकावर, चादर अंथरून जमिनीवर तुम्हीही रात्र काढता आहात. तरी ती भेट दिवसा घ्या. दिवसा त्यांना बोलतं ठेवा, घरचं सांगा, आजचा वार सांगा, पेपर वाचून दाखवा. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी घरी ठेवू नका. आणून सिस्टरकडे द्या. आणि सांगा की ते किती वाजता झोपतात, कुठल्या कुशीवर, उशी एक की दोन.

*

मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी. रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार तिथे रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४० डेसिबल आहे. ढोल-ताशाचा दणका बंद काचेतून आत येतो आणि मॉनिटरवर नाडीचा आकडा चढताना दिसतो. मिरवणूक त्या शंभर मीटरपुरती शांतपणे पुढे न्या.

*

प्रशासनासाठी. एका सिस्टरकडे रात्री चार बेड असतील तर यातलं काहीही होणार नाही. कामं एकत्र करायला, स्टूल घेऊन बसायला, अलार्म वाजायच्या आत पोहोचायला माणूस लागतो.

*

मोजल्याशिवाय सुधारत नाही. रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावलीत पाचच गोष्टी विचारतात: झोप किती गाढ होती, लागायला किती वेळ गेला, किती वेळा जाग आली, जाग आल्यावर पुन्हा लागली का, एकूण कशी झाली. प्रत्येकीला शून्य ते शंभरच्या रेघेवर खूण. रुग्णालाच विचारायचं, कारण नर्सने बाहेरून केलेला अंदाज बहुधा रुग्णाला जाणवलेल्या झोपेपेक्षा चांगली झोप दाखवतो. दोन मिनिटं लागतात.

*

ज्यांच्या हातात आयसीयूचा चार्ट आहे त्यांना विनंती. लघवी, ताप, शुगर यांच्या खाली ‘झोप’ असा एक रकाना याच आठवड्यात छापून घ्या. सकाळच्या हँडओव्हरमध्ये तो मोठ्याने वाचा. आकडा सलग दोन रात्री वाईट असेल तर आधी दिवा, आवाज, अलार्म, वेदना, कामाच्या वेळा आणि व्हेंटिलेटर तपासा. गोळीचा विचार त्यानंतर करा.